आधी कापड, मग क्रीम: उन्हापासून त्वचा जपण्याचा नेमका क्रम

सनस्क्रीन लावूनही चेहरा काळवंडतो, गालांवरचा वांग वाढतो, कोपराखालचा हात दुसऱ्याच कुणाचा वाटावा इतका रापतो. ही तक्रार कानावर आली की मी आधी एवढंच विचारते, "हातातली ट्यूब कधी विकत घेतली?" बहुतेकदा उत्तर येतं, "दिवाळीत." आणि हे बोलणं चाललेलं असतं मे महिन्यात. ५० ग्रॅमची ट्यूब सहा-सात महिने पुरत असेल, तर ती रोज लावली काय न लावली काय, फरक फार पडत नाही.

दुसरी चूक क्रमाची. बहुतेक जण सुरुवात महागड्या सीरमपासून करतात, मग सनस्क्रीनकडे येतात आणि छत्री-स्कार्फचा विचार सगळ्यात शेवटी होतो. हे अगदी उलटं आहे. आधी ऊन टाळायचं, टाळता येत नाही ते कापडाने अडवायचं, उघडं राहिलं तिथे सनस्क्रीन लावायचं आणि मगच रात्रीच्या क्रीमवर पैसे घालवायचे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर पुढच्या टप्प्याचे पैसे वाया जातात, म्हणून क्रम सोडू नका.

## सुरुवातीला एवढं समजून घ्या

उन्हातल्या तीन गोष्टी आपल्याला त्रास देतात. पहिल्या दोन म्हणजे अतिनील (अल्ट्राव्हायोलेट, यूव्ही) किरणांचे दोन प्रकार. यूव्हीबी किरण त्वचा भाजतात. यूव्हीए किरण भाजल्याची जाणीव न देता त्वचेच्या आतल्या थरापर्यंत पोचतात आणि तिला घट्ट ठेवणारे कोलॅजनचे तंतू मोडतात. अकाली सुरकुत्या आणि सैलपणा येतो तो मुख्यतः यांच्यामुळे. हे किरण साध्या खिडकीच्या काचेतून आत येतात. तिसरा आहे डोळ्यांना दिसणारा प्रकाश. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तोही डाग गडद करतो, आणि वांग असलेल्यांना याचा फटका जास्त बसतो.

आपल्याकडे म्हातारपणाची पहिली खूण सुरकुती नसते. आधी रंग बिघडतो. कपाळ आणि गालांची हाडं काळवंडतात, डोळ्यांभोवती सावट येतं, हातांच्या मागच्या बाजूवर ठिपके उमटतात. सुरकुत्या बऱ्याच उशिरा दिसतात. म्हणून "मला अजून सुरकुत्या नाहीत, मला काय गरज" या हिशेबात पाच-दहा वर्षं सहज निघून जातात.

## टप्पा १ : घड्याळ नको, सावली बघा

उन्हाचा जोर आपण उकाड्यावरून ठरवतो आणि तिथेच फसतो. सर्वाधिक तापमान दुपारी दोन-अडीचनंतर असतं, पण अतिनील किरणांचा जोर सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे मुंबई-पुण्यात साडेबाराच्या आसपास, सर्वाधिक असतो. गार वारा सुटला म्हणून हे किरण कमी होत नाहीत.

सोपी खूण अशी: उन्हात सरळ उभे राहा आणि स्वतःची सावली बघा.

१. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन तिरकं आहे, जोर कमी.
२. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर कापड आणि सनस्क्रीन दोन्ही हवं.
३. सावली पायाशी गोळा झाली असेल तर शक्य तितकं बाहेर पडूच नका.

मे महिन्यात पुण्यात सकाळी सव्वानऊ-साडेनऊपासूनच सावली उंचीपेक्षा आखूड होते आणि दुपारी साडेतीन-पावणेचारपर्यंत तशीच राहते. "दुपारचं ऊन टाळते, सकाळी दहालाच बाजार उरकते" असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका खरं तर भर माऱ्याच्या वेळेत बाहेर असतात. बाजार साडेआठला उरका किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. डिसेंबरात मात्र पुण्यात भर दुपारीही सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड होते. तेव्हा थोडी सवलत आहे, सुट्टी नाही, कारण यूव्हीए बाराही महिने असतो.

पावसाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो, आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. मे महिन्यातला सगळ्यांना आठवतो, दुसरा जुलैच्या उत्तरार्धाच्या सुमारास ढगांआड निघून जातो. म्हणजे ऐन पावसाळ्यातही सूर्य जवळपास डोक्यावर असतो. काळ्याकुट्ट ढगांनी बरंच अडतं, पण पांढुरक्या पातळ ढगांतून अतिनील किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. उघडीप पडली की आपण बेसावध असतो आणि तेव्हाच भाजून निघतो.

खबरदारी: उंचीवर गेल्यावर दर १,००० मीटरला अतिनील किरणांचा जोर साधारण १० टक्क्यांनी वाढतो. महाबळेश्वरची हवा गार म्हणून टोपी गाडीत ठेवू नका. लेहला जाणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं. ते सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि ताजा बर्फ स्वतःवर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. तिथून परतलेल्या मंडळींच्या नाकाचा शेंडा आणि हनुवटीची खालची बाजू भाजलेली असते ती यामुळेच. कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर छत्रीखाली बसलात तरी वाळू खालून ऊन परतवते.

## टप्पा २ : कापड

मी या टप्प्यावर सगळ्यात जास्त बोलते, कारण इथे खर्च कमी आणि फायदा सर्वांत जास्त आहे. कापड पुसलं जात नाही, घामाने वाहून जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही.

कपाशी वेचायला किंवा कांद्याच्या लागणीला जाणाऱ्या बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला फडकं गुंडाळून वर पदर घेतात. उन्हापासून बचावाची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. शहरात बाराशे रुपयांची ट्यूब घेणारी माणसं उघड्या हातांनी गाडी चालवतात, तेव्हा मला त्या बायका आठवतात.

कापडाची परीक्षा. ओढणी, स्कार्फ किंवा सनकोट खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडचा उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी दिसत असेल तर ऊनही तेवढंच आत येणार. जॉर्जेट आणि शिफॉनचे स्कार्फ या परीक्षेत हमखास नापास होतात. दुहेरी घडी घालून पुन्हा धरा. घट्ट विणीचं सुती कापड, खादीचं जाड कापड, डेनिम पास होतात. एकाच कापडाचा गडद रंग फिक्या रंगापेक्षा जास्त अडवतो. पांढरा पातळ सुती सदरा गार वाटतो, पण घामाने भिजून अंगाला चिकटला की त्याची अडवण्याची ताकद आणखी कमी होते.

दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी क्रम:

१. सनस्क्रीन लावून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच स्कार्फ बांधा. ओल्या सनस्क्रीनवर बांधलात तर निम्मं कापडाला लागतं.
२. आधी कपाळ आणि केसांची रेघ झाका, मग नाक-गाल, शेवटी मान. मानेची मागची बाजू आणि ब्लाउजचा किंवा कुर्त्याचा मागचा गळा उघडा राहतो, तो आरशात बघून घ्या.
३. स्कार्फची टोकं सनकोटाच्या आत खोचा. लोंबती ओढणी चाकात अडकून जिवावर बेततं.
४. वर हेल्मेट. व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असेल तर पारदर्शक असूनही बहुतेक अतिनील किरण अडवतो. हवा लागावी म्हणून तो वर ठेवलात तर उपयोग शून्य.
५. हातमोजे सगळ्यांत शेवटी, सनकोटाच्या बाहीवर चढवून. हॅन्डल धरल्यावर बाही मागे सरकते आणि मनगटाची पट्टी उघडी पडते. वर्षानुवर्षं तिथे काळं वळं दिसतं ते त्यामुळेच.

स्कार्फ रोज धुवायचा. कालचा घाम, धूर आणि सनस्क्रीन शोषलेलं कापड आज पुन्हा तोंडावर बांधलं की मुरुमं येतात, आणि दोष मात्र सनस्क्रीनला मिळतो.

चारचाकीवाल्यांनी स्वतःला सुरक्षित समजू नये. समोरची काच थरांची असते, ती यूव्हीए बऱ्यापैकी अडवते. बाजूच्या बहुतेक काचा तेवढं अडवत नाहीत. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं माल पोचवण्याचं काम केलेल्या या माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबती आणि सुरकुत्यांनी भरलेली, तर उजवी वयाला साजेशी होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा गाल आणि उजवा हात आधी जातो. रोज गाडी चालवत असाल तर आरशासमोर उभं राहून दोन्ही हात शेजारी धरून बघा. सुती बाह्या चढवणं हा सोपा उपाय आहे.

टोपीबद्दल: क्रिकेटवाल्यांची पुढे झाप असलेली टोपी कपाळ आणि नाक झाकते, कान आणि मान उघडी ठेवते. चहूबाजूंनी किमान तीन इंच काठ असलेली टोपी घ्या. गॉगलवर "यूव्ही ४००" लिहिलेलं हवं. काचेच्या काळेपणाचा आणि अतिनील अडवण्याचा संबंध नाही.

तपासणी: पूर्ण तयार होऊन आरशासमोर उभे राहा. कापडाने न झाकलेले भाग मोठ्याने मोजा. तेवढ्याच भागांना सनस्क्रीन लागणार आहे. जितकं झाकाल तितकी ट्यूब जास्त दिवस पुरेल.

## टप्पा ३ : ट्यूब निवडणं

दुकानात गेल्यावर फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, एसपीएफ ३० ते ५०. हा आकडा फक्त यूव्हीबी किती अडतात ते सांगतो. ३० अडवतं सुमारे ९७ टक्के, ५० अडवतं सुमारे ९८ टक्के. ५० च्या पुढच्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे जास्त मात्रेत खर्च करा.

दुसरी, पीए (यूव्हीए अडवण्याची खूण) समोर तीन किंवा चार अधिक चिन्हं, किंवा वर्तुळात लिहिलेलं यूव्हीए. अकाली वार्धक्य रोखायचं असेल तर खरा आकडा हा. एसपीएफ ५० लिहिलंय पण पीएचा पत्ता नाही, असं सनस्क्रीन ठेवून द्या.

तिसरी, ते तुम्हाला रोज लावावंसं वाटलं पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत किंवा तेलकट त्वचेवर जेल किंवा पातळ द्रव. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात आणि कोरड्या त्वचेवर क्रीम. डोळ्यांत झोंबत असेल किंवा त्वचा नाजूक असेल तर झिंक ऑक्साइडचं. त्याने चेहरा थोडा पांढुरका दिसतो. वांग असेल तर त्वचेच्या रंगाशी जुळणारं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीनच घ्या. दिसणारा प्रकाश अडवण्याचं काम साध्या सनस्क्रीनला नीट जमत नाही.

नवीन ट्यूब आधी कानामागे किंवा जबड्याखाली तीन दिवस लावून बघा. खाज-पुरळ नाही, तर पुढे.

खबरदारी: ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या दुचाकीची डिकी भट्टीसारखी तापते आणि सनस्क्रीन फुटतं. दाबल्यावर आधी पाणी, मग गोळे येत असतील तर ती फेकून द्या, मुदत उरली असली तरीही. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावूच नका. त्याला सावली आणि झबलं-टोपडं पुरे.

घरगुती पर्यायांबद्दल मला रोज विचारणा होते, म्हणून स्पष्ट लिहिते. खोबरेल तेल, कोरफड, हळद, मुलतानी माती यांपैकी काहीही सनस्क्रीनची जागा घेत नाही. लिंबू तर चेहऱ्याला लावूच नका. लिंबाची साल-रस त्वचेवर असताना ऊन पडलं तर फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग राहतात.

## टप्पा ४ : सकाळचा क्रम

१. चेहरा सौम्य फेसवॉशने किंवा नुसत्या पाण्याने धुवा. डाळीच्या पिठाने खसाखसा घासू नका.
२. व्हिटॅमिन सीचं सीरम वापरत असाल तर ते आता. नसेल तर चालेल, त्यावाचून काही अडत नाही.
३. मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेवर सनस्क्रीनच पुरेसं ओलसर असेल तर हे गाळा.
४. पाच मिनिटं थांबा. तोवर डबा भरा, केस विंचरा.
५. सनस्क्रीन.
६. दहा-पंधरा मिनिटांनी पावडर, मेकअप, टिकली, स्कार्फ.

मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तळहातावर कालवून एकदम लावायची सवय फार पसरली आहे. तसं करू नका. सनस्क्रीन पातळ होतं, त्याचा थर सलग बसत नाही आणि डब्यावरचा आकडा खोटा ठरतो. तसंच एसपीएफ १५ च्या क्रीमवर ३० चं सनस्क्रीन लावल्याने ४५ होत नाही.

## टप्पा ५ : मात्रा

नव्वद टक्के काम इथे बिघडतं असं म्हटलं तरी मला ते अतिशयोक्ती वाटणार नाही.

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून ठरवतात. घरी माणसं साधारण त्याच्या पाव ते निम्म्या मात्रेत लावतात. निम्मी मात्रा म्हणजे ५० च्या ट्यूबमधून २५ च्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी संरक्षण. वाटाण्याएवढा थेंब पूर्ण चेहऱ्याला पुरवणं म्हणजे लावल्याचं समाधान तेवढं.

चेहरा आणि मान यांचं माप: तर्जनी आणि मधलं बोट, तळापासून टोकापर्यंत, दोन्हींवर एक-एक सलग रेघ. एवढं सगळं लावायचं. उघड्या प्रत्येक हाताला एक चहाचा चमचा, प्रत्येक पायाला दोन चमचे.

लावण्याची पद्धत:

१. एका बोटावरची रेघ कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी, मान अशी ठिपक्यांत वाटून घ्या.
२. हलक्या हाताने पसरवा. जोरात चोळलं की सनस्क्रीन एका जागी गोळा होतं आणि दुसरी जागा कोरडी राहते.
३. दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटावरची रेघ त्याच क्रमाने. एकदम सगळं लावण्यापेक्षा दोन थरांत ते नीट बसतं आणि पांढुरकेपणाही कमी दिसतो.
४. बोटांवर उरलेल्या सनस्क्रीनने विसरलेल्या जागा: कानांच्या पाळ्या, कानामागे, भांगाची रेघ, जबड्याखाली, मानेची मागची बाजू, गळ्याखालचा व्ही.
५. हातांची मागची बाजू. हात धुतले की ही जागा उघडी पडते, पुन्हा लावा.
६. चपला घालत असाल तर पायाचा वरचा भाग. चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे माग पायावर दिसतात, ते इथे चुकल्याची साक्ष आहे.
७. ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम.

तपासणी: ट्यूब उघडली त्या दिवशी मार्करने तिच्यावर तारीख लिहा. चेहरा आणि मानेला प्रत्येक वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. दिवसातून एकदा लावत असाल तर ५० ग्रॅमची ट्यूब सुमारे ४० दिवसांत संपायला हवी, दोनदा लावत असाल तर २० दिवसांत. त्याहून फार जास्त पुरली तर मात्रा चुकते आहे. एवढा खर्च परवडत नसेल तर मात्रा कमी करू नका. टप्पा २ कडे परत जा, जास्त झाका आणि उरलेल्या थोड्या जागेवर पूर्ण मात्रा लावा. स्वस्त ट्यूब भरपूर लावणं हे महाग ट्यूब जपून लावण्यापेक्षा कधीही चांगलं.

## टप्पा ६ : पुन्हा लावणं

दर दोन तासांनी लावा असं प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते जमत नाही म्हणून माणसं सगळंच सोडतात. थोडा विचार करून ठरवा.

तुम्ही बाहेर, उन्हात, घाम गाळत असाल (शेत, बांधकाम, घरोघर सामान पोचवणं, मैदान, ट्रेक) तर दर दोन तासांनी लावायलाच हवं. पोहणाऱ्यांनी डब्यावर ४० किंवा ८० मिनिटं असं जे लिहिलं असेल ते पाळावं आणि टॉवेलने पुसल्यावर लगेच लावावं. तुम्ही कार्यालयात खिडकीपासून लांब बसत असाल तर सकाळी एकदा आणि उन्हात पुन्हा बाहेर पडण्याआधी एकदा, एवढं पुरतं. टेबल खिडकीला लागून असेल तर पडदा ओढा किंवा जागा बदला.

घामेजल्या चेहऱ्यावर तसंच लावू नका. ओल्या रुमालाने टिपा, कोरड्याने टिपा, एक मिनिट थांबा, मग लावा. घासून पुसू नका. मेकअप असेल तर सनस्क्रीनची स्टिक चालते, पण एकाच जागेवरून तीन-चार वेळा फिरवा. पावडरच्या रूपातलं सनस्क्रीन पुरेशा जाड थरात बसत नाही, त्याच्यावर विसंबू नका.

रोज लावण्याने काय साधतं, याचा एक नीट प्रयोग झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांपैकी काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती त्वचा बहुतांशी गोरी होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण दोन्ही गट सनस्क्रीन वापरू शकत होते आणि फरक पडला तो "रोज" या एका शब्दाने, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

## टप्पा ७ : घरी परतल्यावर

चेहरा, मान, हात साध्या गार पाण्याने धुवा. सनस्क्रीन जाड थरात लावलं असेल तर ते रात्री फेसवॉशने नीट उतरवा, नाहीतर रंध्रं बुजतात. ओलसर त्वचेवरच मॉइश्चरायझर लावा.

त्वचा भाजली असेल तर सावळ्या रंगावर लाली दिसत नाही. झोंबणं, हात लावल्यावर गरम लागणं, ताणल्यासारखं वाटणं, दोन दिवसांनी गडद होऊन साल निघणं या खुणा ओळखा. गार पाण्याच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं ठेवा, भरपूर पाणी प्या. बर्फ थेट चोळू नका, टूथपेस्ट लावू नका, फोड फोडू नका.

आणि टॅन काढण्याच्या नादाला लागू नका. घासणी, वज्री, जाड मीठ-साखर यांनी खरवडलं की त्वचा स्वतःला वाचवण्यासाठी आणखी काळी होते. हात, पाठ आणि मानेवर घासून-घासून आलेला काळेपणा उन्हाच्या काळेपणापेक्षा जास्त हट्टी असतो. रापलेली त्वचा झाकून ठेवली तर काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, आपोआप उजळत जाते.

मोठी खबरदारी: औषधाच्या दुकानातून "डागांची क्रीम" मागून आणू नका. त्यातल्या अनेकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, मैत्रीण विचारते, ट्यूबचं नाव हातोहात पसरतं. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं आणि लव वाढते, आणि क्रीम बंद केली की आग होते. खोक्यावर ही नावं वाचा. दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर मनाने अचानक बंदही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

## टप्पा ८ : रात्रीचं क्रीम

वरचे सात टप्पे किमान दोन महिने सलग पाळल्याशिवाय इथे येऊ नका. दिवसा ऊन खायचं आणि रात्री रेटिनॉल (सुरकुत्या-डागांसाठीचं, व्हिटॅमिन एच्या कुळातलं क्रीम) लावायचं, म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरायचं.

१. रेटिनॉल कमी ताकदीचं घ्या. आठवड्यातून दोन रात्री, तेही पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर.
२. इथे मात्र वाटाण्याएवढंच. सनस्क्रीनचं माप इथे लावू नका, चेहरा सोलवटेल.
३. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडा.
४. वर मॉइश्चरायझर.
५. महिनाभर त्रास झाला नाही तर एक रात्र वाढवा.

गरोदर असाल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर रेटिनॉल आणि त्या कुळातलं काहीही नको. लग्नसराईच्या आधी पंधरा दिवस ते सुरू करणंही टाळा. पहिल्या काही आठवड्यांत साल निघते.

## टप्पा ९ : डॉक्टरांकडे कधी

रोजची काही औषधं त्वचेला उन्हासाठी हळवी करतात. मुरुमांसाठी दिलेलं डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड ही त्यातली नेहमीची. अशी गोळी चालू झाल्यावर एकदम जास्त रापायला किंवा पुरळ यायला लागलं तर गोळी स्वतः थांबवू नका, लिहून देणाऱ्याला विचारा. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात वांग उमटतो, तेव्हा कापड आणि टिंटेड सनस्क्रीन दोन्ही दुपटीने पाळा.

"सनस्क्रीन लावलं तर व्हिटॅमिन डी कमी होईल ना?" असं विचारून सनस्क्रीन बंद करणारे खूप आहेत. चेहरा अंगाचा अगदी लहान भाग आहे, तो उघडा ठेवून फारसं काही मिळत नाही. कमतरतेची शंका असेल तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तो डोस घ्या. ६०,००० युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून आठवड्यामागून आठवडे घेत राहू नका.

महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, खिडकीच्या उजेडात पूर्ण अंग बघा. वाढणारा, कडा वेड्यावाकड्या झालेला, दोन-तीन रंगांचा किंवा रक्त येणारा तीळ आणि चार आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आपल्या त्वचेत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग क्वचित होतो, पण झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या रेघेच्या रूपात दिसतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. म्हणून फक्त उन्हात असणारे भाग बघून थांबू नका. तळपाय स्वतःला नीट दिसत नाहीत, घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. संशयास्पद तिळाचा फोटो त्याच खिडकीत, शेजारी मोजपट्टी धरून काढा आणि तारखेसह ठेवा, डॉक्टरांना तो दाखवता येतो.